भावाचं पान उघडायला लागणारा वेळ: कुठे मोजायचा, कसा कमी करायचा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. चोपड्यातल्या एका कृषी केंद्राची साइट तुम्ही सांभाळता. तिच्यावर रोजचे केळी-कापसाचे भाव, बियाणं-खतांची माहिती आणि ‘फोन करा’चं बटण आहे. दुकानातल्या लॅपटॉपवर साइट लगेच उघडते, पण लासूर-अडावदकडचे शेतकरी म्हणतात, ‘पान उघडसच नही’. पेजस्पीड इनसाइट्सवर, म्हणजे पानाचा वेग तपासणाऱ्या गूगलच्या मोफत साधनावर, मोबाईलला शंभरपैकी ३८ गुण येतात. साइट बनवून देणारा म्हणतो, महागाचं होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची सर्व्हरवरची भाड्याची जागा, घ्या. तो खर्च करावा का, आणि सुरुवात कुठून करावी?

होस्टिंगवर आत्ता एक रुपयाही घालू नका. तुम्ही जोडलेल्या वॉटरफॉलच्या चित्रात, म्हणजे कुठली फाइल कधी आली हे दाखवणाऱ्या आलेखात, पान एकूण ४.६ एमबीचं दिसतंय. त्यातली २ एमबी एकट्या भावफलकाच्या पीएनजी चित्राची आहे आणि ९०० केबीच्या वर जावास्क्रिप्ट, म्हणजे फोनमध्ये चालणारा कोड (स्क्रिप्ट), आहे. सर्व्हर बदलला तरी हे ओझं शेतकऱ्याच्या फोनवर तसंच येणार. होस्टिंगचा मुद्दा पुढे घेतो, कारण तोही तपासायला हवा, पण आधी नाही.

पहिली गोष्ट त्या ३८ गुणांची. पेजस्पीड इनसाइट्सच्या निकालात दोन वेगळे भाग असतात आणि बहुतेकांचा गोंधळ तिथेच होतो. वरचा भाग खऱ्या लोकांचा असतो. ज्यांनी क्रोममधून साइट उघडली त्यांच्या मागच्या २८ दिवसांच्या नोंदी तिथे येतात. खालचा, गोलात गुण दाखवणारा भाग लाइटहाऊस या गूगलच्या चाचणीचा. ती ठरावीक परिस्थिती धरून केलेली एकदाची चाचणी असते: बेताचा मोबाईल, १.६ मेगाबिटचं नेट, सर्व्हरपर्यंतच्या एका फेरीला १५० मिलिसेकंद आणि चौपट मंद केलेला प्रोसेसर. तीच चाचणी थोड्या वेळाने पुन्हा चालवली की आकडा हलतो. म्हणून एका निकालावर निर्णय घेऊ नका. पाच वेळा चालवा आणि मधला आकडा धरा.

गुणांचा उपयोग आहे, पण दिशा दाखवण्यापुरता. ९०च्या वर गुण असलेली आणि तरीही खऱ्या फोनवर रखडणारी पानं असतात, आणि साठीतले गुण असूनही लोकांना काही त्रास नसलेली पानंही असतात. लासूरच्या माणसाला भाव किती सेकंदांत दिसला आणि बटण दाबल्यावर फोन किती पटकन लागला, यावर तुमचं लक्ष हवं.

ते मोजायला आज तीन मापं सर्वमान्य आहेत. गूगलने २०२०मध्ये अशा तीन मापांच्या संचाला ‘कोअर वेब व्हायटल्स’ हे नाव दिलं. पहिलं एलसीपी: पानावरची सगळ्यात मोठी दिसणारी गोष्ट, म्हणजे तुमच्याकडे भावफलक, पडद्यावर यायला लागलेला वेळ. तो २.५ सेकंदांच्या आत असावा. ४ सेकंदांच्या पुढे गेला तर वाईट. दुसरं आयएनपी: बोट टेकवल्यापासून पडद्यावर काही बदल दिसेपर्यंतचा वेळ. २०० मिलिसेकंदांच्या आत चांगला, ५००च्या पुढे वाईट. १२ मार्च २०२४पासून एफआयडी या जुन्या मापाच्या जागी हे आलं, त्यामुळे जुन्या लेखांत एफआयडीबद्दल काही वाचलंत तर ते सोडून द्या. तिसरं सीएलएस: पान उघडताना मजकूर किती उड्या मारतो त्याचं माप. ०.१पर्यंत ठीक, ०.२५च्या पुढे वाईट.

यात सरासरी धरत नाहीत. शंभर भेटी वेगवान ते मंद अशा ओळीने लावायच्या आणि पंचाहत्तराव्या भेटीचा आकडा बघायचा. सरासरीत चोपडा शहरातले वायफायवाले आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरचे एकत्र मिसळतात आणि ज्यांना खरा त्रास आहे तेच दिसेनासे होतात. तुमच्या साइटचे खरे गिऱ्हाईक त्या मागच्या पंचवीस भेटींत मोठ्या संख्येने असणार, म्हणून मी तर नव्वदावी भेटही बघायला सांगेन.

एका तालुक्यापुरत्या साइटची अडचण अशी की पुरेशा नोंदी जमल्याशिवाय गूगल तो वरचा भाग दाखवत नाही. तुमच्याकडेही तो रिकामाच असेल. मग आपल्या नोंदी आपणच गोळा करायच्या. गूगलची ‘वेब-व्हायटल्स’ नावाची छोटीशी मोफत लायब्ररी, म्हणजे तयार कोड, आहे, अवघ्या दोन-तीन केबीची. ती पानात घातली की तिन्ही मापं मिळतात. माणूस पान सोडून जाताना ती ‘सेंड-बीकन’ या ब्राउझरमधल्या सोयीने तुमच्याच सर्व्हरवर पाठवायची आणि साध्या टेबलात साठवायची. सोबत पानाचा पत्ता, नेटचा प्रकार आणि फोनची मेमरी एवढंच घ्या. क्रोममध्ये शेवटच्या दोन्ही गोष्टी ढोबळमानाने कळतात. नाव, नंबर, नेमकं ठिकाण यातलं काही घेऊ नका, त्याची गरज नाही. दोन आठवड्यांच्या नोंदी जमल्या की २ जीबी मेमरीवाल्यांचा वेगळा गट काढून बघा. तुमच्या तक्रारी कुठून येतात ते तिथे दिसेल.

नोंदी जमेपर्यंत हाताने मोजा. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या हातातले फोन बघा: तीन-चार वर्षांपूर्वीचे, मेमरी कमी, स्टोरेज फोटो-व्हिडिओंनी भरलेलं. तसा एक फोन मिळवा. त्यात डेव्हलपर ऑप्शन्समधून यूएसबी डिबगिंग चालू करा, केबलने लॅपटॉपला जोडा आणि लॅपटॉपच्या क्रोममध्ये इन्स्पेक्टचं पान उघडा. फोनवर उघडलेली साइट तिथे दिसते आणि नेटवर्क, परफॉर्मन्स ही दोन्ही टॅब फोनचे खरे आकडे दाखवतात. फोन मोबाईल डेटावर ठेवा आणि इन्कॉग्निटोमध्ये पान उघडा, नाहीतर आधी साठवलेल्या फाइली वापरल्या जातील. शक्य असेल तर एका संध्याकाळी हे सगळं घेऊन अडावदला जा. संध्याकाळी टॉवरवर गर्दी असते आणि भाव बघणारेही त्याच वेळी फोन हातात घेतात. पूर्ण रेंज दिसत असूनही डेटा सरकत नाही, हे तुम्हाला तिथेच अनुभवायला मिळेल. लॅपटॉपवरची कुठलीही नक्कल त्याच्या जवळपास जात नाही.

आता वॉटरफॉल वाचू या. त्यात सगळ्यात आधी मला खटकलं ते डावीकडचं रिकामेपण: पहिला बाइट, म्हणजे सर्व्हरच्या उत्तराचा पहिला कण, यायच्या आधीच जवळपास तीन सेकंद गेलेत. कारण तुम्ही ग्रुपवर टाकता ती लिंक छोटी करून देणाऱ्या सेवेची आहे. ती तुमच्या साइटच्या डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू नसलेल्या पत्त्यावर नेते आणि तो पत्ता पुन्हा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवर ढकलतो. प्रत्येक नव्या पत्त्याला चार फेऱ्या लागतात: नावावरून क्रमांक शोधणं, जोडणी, सुरक्षिततेची देवघेव आणि मग प्रत्यक्ष मागणी. एका फेरीला १५० मिलिसेकंद धरले तर एका पत्त्याचे ६००. तीन पत्ते म्हणजे १.८ सेकंद, आणि यात सर्व्हरने विचार करायला घेतलेला वेळ धरलेलाच नाही. ग्रुपवर, बिलावर, दुकानाच्या बोर्डावर सगळीकडे शेवटचा खरा पत्ताच द्या. १.२ सेकंद वाचतात आणि त्यासाठी कोडची एक ओळही बदलावी लागत नाही.

त्यानंतर भावफलक. सकाळी रावेर-बऱ्हाणपूरचे भाव आले की तुम्ही डिझाइनच्या ॲपमध्ये सुंदर तक्ता करता, तो ग्रुपवर टाकता आणि तीच पीएनजी साइटवर चढवता. खानदेशातल्या कितीतरी साइटवर हे असंच चालतं. हिशेब करून बघा. १.६ मेगाबिट म्हणजे सेकंदाला २०० केबी. २ एमबीचं चित्र यायला दहा सेकंद लागतात, तेही बाकी काहीच येत नसेल तर. हाच तक्ता मजकूर म्हणून, साध्या एचटीएमएल टेबलात लिहिला तर दाबून दोन-तीन केबी होतो आणि पानासोबतच येतो, वेगळी फेरीसुद्धा लागत नाही. देवनागरीचं एक अक्षर यूटीएफ-८मध्ये, म्हणजे मजकूर साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, तीन बाइट घेतं म्हणून काही जण मराठी मजकुराला जड समजतात, पण सर्व्हरवर जीझिप किंवा ब्रॉटली ही मजकूर दाबून पाठवायची सोय चालू असेल तर तो फरक फार उरत नाही. तुमच्याकडे ते चालू आहे का ते मात्र तपासा.

मजकुराचा फायदा वेगाच्याही पुढचा आहे. तक्ता मोठा करून वाचता येतो, ज्यांना डोळ्यांनी नीट दिसत नाही त्यांना फोन तो वाचून दाखवतो, कालचा-आजचा भाव शेजारी मांडता येतो आणि ‘आजचे केळी भाव’ असं शोधणाऱ्याला पान सापडतं. चित्रात कोंडलेला भाव यातलं काहीच करू शकत नाही. ग्रुपसाठी चित्र जरूर करा, साइटवर मात्र मजकूरच ठेवा. माझ्या दृष्टीने तुमच्या साइटवरचा हा सगळ्यात मोठा बदल आहे, आणि एखाद्या दुपारी होण्यासारखा आहे.

जे फोटो खरोखर फोटो आहेत, केळीच्या घडांचे, दुकानाचे, खताच्या गोण्यांचे, त्यांचं गणित सोपं आहे. बहुतेक फोनचा पडदा ३६० पिक्सेल रुंद धरला आणि तो दुप्पट घनतेचा असेल तर ७२० पिक्सेलचा फोटो पुरतो. कॅमेऱ्यातून आलेला चार हजार पिक्सेलचा फोटो चढवू नका. वेबपी किंवा एव्हिफ या हलक्या स्वरूपात केला की तो साठ-ऐंशी केबीत बसतो. खालचे फोटो लेझी लोडिंगवर टाका, म्हणजे माणूस तिथपर्यंत सरकला की मगच ते उतरतील. पण पान उघडताच वर दिसणारा फोटो कधीही लेझी करू नका. कित्येक थीम, म्हणजे साइटचे तयार साचे, सरसकट सगळ्यांना लेझी लावतात आणि नेमका एलसीपीचा फोटो मागे पडतो. उलट त्याला प्राधान्य जास्त द्यायचं असतं, त्यासाठी ‘फेच-प्रायोरिटी’ची खूण आहे.

फाँटबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण परदेशी मार्गदर्शनात हा भाग आपल्या उपयोगाचा नसतो. देवनागरी फाँट लॅटिनच्या कितीतरी पट जड असतात. जोडाक्षरांची वेगवेगळी रूपं आणि ती कधी वापरायची याचे नियम फाइलमध्ये असतात, म्हणून. तुमच्या थीमने एकाच फाँटच्या पाच जाड्या मागवल्यात आणि पानावर प्रत्यक्षात दोनच वापरल्यात. अँड्रॉइडमध्ये देवनागरी फाँट आधीपासून असतो. मजकुराला आणि तक्त्याला तोच वापरा, शून्य केबीत काम होतं. दुकानाच्या नावाला किंवा मथळ्यांना वेगळा फाँट हवाच असेल तर एकच जाडी, वॉफ-२ या वेबसाठी दाबलेल्या स्वरूपात, स्वतःच्या सर्व्हरवरून द्या आणि ‘फाँट-डिस्प्ले’ला ‘स्वॅप’ ठेवा. त्यामुळे फाँट येईपर्यंत मजकूर अदृश्य राहत नाही.

फाँट छाटून लहान करायचा मोह होईल. करा, पण मराठी माणसाने डोळ्यांखालून घातल्याशिवाय चालू करू नका. छाटणीत जोडाक्षरांचे नियम गळले तर ‘शेतकऱ्यांसाठी’ आणि ‘बऱ्हाणपूर’ यांतला ऱ तुटून पडतो आणि पाय मोडलेली अक्षरं दिसतात. ‘₹’ हे चिन्ह देवनागरीच्या गटात नाही, ते वेगळं मागावं लागतं. नाहीतर भावाच्या प्रत्येक आकड्याआधी परक्या फाँटचं चिन्ह येतं. ‘ॲप’, ‘ऑक्टोबर’, ‘ट्रॅक्टर’, ‘क्विंटल’, ‘कृषी’ हे शब्द लिहून बघा. ‘ॲ’ लोक दोन-तीन प्रकारे टाइप करतात आणि त्यातल्या एका प्रकारात मध्ये न दिसणारा जोडचिन्हाचा कोड असतो, तोही ठेवावा लागतो. आणि पानाच्या सुरुवातीला भाषा मराठी असल्याचं नोंदवा. ज्या फाँटमध्ये सोय आहे तिथे ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे येतात. तुमच्या पानावर आत्ता भाषा इंग्रजी लिहिलेली आहे.

आता जावास्क्रिप्ट. माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथे होतं. चित्र फक्त उतरवायचं असतं. जावास्क्रिप्ट उतरवायची, उलगडायची, वाचायची आणि चालवायची असते, आणि ती चालू असेपर्यंत फोन बोटाला उत्तर देत नाही. उद्या लासूरला नवा टॉवर आला तर चित्रं वेगाने येतील, पण फोन तोच राहणार. म्हणून नेट सुधारलं तरी हा त्रास उरतो.

तुमच्या ९०० केबींत काय आहे ते मी ओळीने पाहिलं. वर सरकणाऱ्या फोटोंचा स्लायडर, कोपऱ्यातला चॅटचा फुगा, भाषांतराचं विजेट, दुकानाचा नकाशा, दोन व्हिडिओ आणि जाहिरातींच्या मोजणीचे तीन तुकडे. स्लायडरचा दुसरा फोटो कोण बघतं ते नोंदींतून शोधा. कुणी बघत नसेल तर स्लायडर काढून एकच फोटो ठेवा. चॅटच्या फुग्यातून महिन्याला किती चौकश्या आल्या हे दुकानमालकांना विचारा. व्हॉट्सॲपची साधी लिंक तेच काम फुकट करते. पान मराठीतच आहे, तेव्हा भाषांतराच्या विजेटचं काम नाही. नकाशा आणि व्हिडिओच्या जागी त्यांचं साधं चित्र ठेवा आणि बोट टेकवल्यावरच खरी गोष्ट मागवा. मोजणीचे तीन तुकडे कुणी, कशासाठी लावले हे तुमच्या ऑफिसात आज कुणालाच आठवत नसेल तर ते काढून टाका.

‘फोन करा’च्या बटणाकडे मात्र आवर्जून बघा. ते दाबलं की आधी एक खिडकी उघडते, नाव-गाव विचारते आणि मग नंबर दाखवते. हे सगळं जावास्क्रिप्टवर चाललंय. पान उघडल्यावर पहिले सहा-सात सेकंद ते बटण दिसतं, पण दाबल्यावर काहीच होत नाही, कारण स्क्रिप्ट अजून आलेली नसते. माणूस दोन-तीनदा दाबतो आणि पान बंद करतो. तिथे फोन नंबरची साधी लिंक द्या. ती एचटीएमएलची मूळ सोय आहे, एकही स्क्रिप्ट न येता पहिल्या क्षणापासून चालते. गिऱ्हाइकाचं नाव-गाव फोनवर बोलताना विचारता येतं.

याचा धंद्यावर परिणाम होतो का, असं मालक विचारतील. रेडबसने आपल्या साइटचं आयएनपी सुधारल्यावर विक्री ७ टक्क्यांनी वाढल्याचं प्रसिद्ध केलेलं आहे. तुमचा आकडा वेगळा असेल, पण तुमच्याकडे मोजायची सोय त्याहून सरळ आहे: बदलाआधी आणि नंतर साइटवरून आलेले फोन मोजा.

उड्या मारणाऱ्या मजकुराचं कारण तुमच्याकडे एकच आहे. तक्ता दिसू लागल्यावर दीड-दोन सेकंदांनी वर ऑफरची पट्टी येते आणि सगळं खाली ढकलते. ‘फोन करा’ दाबायला गेलेलं बोट जाहिरातीवर पडतं. पट्टीसाठी आधीच जागा राखून ठेवा, नाहीतर ती तक्त्याच्या खाली न्या. प्रत्येक फोटोला रुंदी-उंची लिहा, म्हणजे फोटो यायच्या आधीच ब्राउझर तेवढी जागा सोडतो. एवढं केलं की हा विषय संपला.

आता होस्टिंग. ते बदलायचं की नाही हे अंदाजाने ठरवू नका, एक साधी परीक्षा घ्या. तुमच्या सर्व्हरवरची लहानशी साधी मजकूर फाइल, उदाहरणार्थ ‘रोबोट्स’ची फाइल, उघडा आणि पहिल्या बाइटला किती वेळ लागतो ते नेटवर्कच्या टॅबमध्ये बघा. मग मुख्य पानाचा तोच आकडा बघा. साधी फाइल लगेच येते आणि पान दीड-दोन सेकंद घेतं, असं असेल तर दोष थीम, प्लगिन (साइटला जोडलेले वरचे कोड) आणि डेटाबेसचा आहे. महागडं होस्टिंग घेतलं तर तो थोडा झाकला जाईल, जाणार नाही. दोन्ही सारखेच रखडत असतील तर होस्टिंगकडे किंवा सर्व्हरच्या ठिकाणाकडे बोट दाखवता येतं. सर्व्हर अमेरिकेत असेल तर एकेका फेरीला दोनशे मिलिसेकंदांच्या पुढे लागतात, मुंबईत असेल तर त्याचा छोटासा अंश. तुमचं गिऱ्हाईक चोपडा-यावल-रावेरचं आहे, तेव्हा सर्व्हर किंवा निदान सीडीएन, म्हणजे साइटच्या प्रती गिऱ्हाइकाजवळ ठेवणारी सेवा, मुंबईतला हवा. पानाचा पहिला बाइट ८०० मिलिसेकंदांच्या आत यावा, हे लक्ष्य ठेवा.

बहुधा तुम्हाला पहिलीच परिस्थिती आढळेल, आणि तिचा उपाय सुंदर आहे. तुमचे भाव दिवसातून एक-दोनदा बदलतात. मग प्रत्येक माणसासाठी सर्व्हरने तेच पान नव्याने कशाला तयार करायचं? पूर्ण पान कॅशमध्ये, म्हणजे तयार प्रतींच्या साठ्यात, ठेवा आणि भाव बदलून ‘अपडेट’ दाबलं की तेवढ्याच पानाची कॅश पुसली जाईल अशी व्यवस्था करा. वर्डप्रेसमध्ये यासाठी चांगली मोफत प्लगिनं आहेत. अपडेटनंतर आपला फोन काढून नवा भाव दिसतोय याची खात्री रोज करा. ही सवय सोडू नका.

रोज येणाऱ्या माणसाचा वेगळा विचार करायला हवा, कारण तुमच्या साइटवर तोच जास्त येतो. लोगो, स्टाइल, स्क्रिप्ट या फाइली त्याने काल उतरवल्या होत्या, आज पुन्हा कशाला? त्यांना वर्षभराची मुदत द्या, म्हणजे ३१५३६००० सेकंद, आणि फाइल बदलली की तिचं नाव बदला. मग त्याच्या फोनवर रोज फक्त काही केबींचं ताजं पान उतरेल. तुमच्या सर्व्हरवर सध्या ‘नो-स्टोअर’ लावलेलं आहे. ते ब्राउझरला काहीच साठवू देत नाही, आणि मागे जाण्याचं बटण दाबलं तरी पान क्षणात परत येण्याऐवजी अनेकदा पुन्हा पहिल्यापासून उतरतं. ते काढा.

रेंज अजिबात नसलेल्या शिवारासाठी सर्व्हिस वर्करने, म्हणजे ब्राउझरमध्ये मागे चालणाऱ्या छोट्या स्क्रिप्टने, शेवटचं पाहिलेलं पान फोनमध्ये ठेवता येतं. हे करा असं मी सुचवतो, पण एका अटीवर. साठवलेला भाव दाखवताना त्याची तारीख आणि वेळ भावाइतक्याच मोठ्या अक्षरात आणि ‘हा जुना भाव आहे’ अशी स्पष्ट ओळ दिसली पाहिजे. कापणीला आलेला माल समोर उभा असतो, व्यापारी बांधावर असतो आणि शेतकरी फोनवर बघून हो-नाही ठरवतो. परवाचा भाव त्याने आजचा समजून घेतला तर त्याच्या घामाचे पैसे जातात. ही खबरदारी घेता येत नसेल तर सर्व्हिस वर्कर लावूच नका, पान उघडलं नाही तरी चालेल.

कामाचा क्रम मी असा धरला असता: पहिल्या दिवशी लिंक सरळ करणं, भावफलक मजकुरात आणणं आणि फोनची साधी लिंक. त्याच आठवड्यात मोजणीची लायब्ररी, फोटो आणि नको असलेल्या स्क्रिप्ट. मग कॅश आणि फाँट. सर्व्हिस वर्कर सगळ्यात शेवटी. एका वेळी एकच बदल करा आणि त्याची तारीख वहीत लिहा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. मोठ्या चित्राच्या मागे लपलेल्या जावास्क्रिप्टसारख्या गोष्टी आधी दिसत नाहीत, म्हणून प्रत्येक टप्प्यानंतर वॉटरफॉल नव्याने काढा.

साइट बनवून देणाऱ्याशी बोलताना ‘साइट फास्ट करा’ असं सांगू नका, त्यातून वाद होतात. लेखी द्या: मुख्य पान एकूण ५०० केबींच्या आत, त्यात जावास्क्रिप्ट १५० केबींच्या आत, आपल्या नोंदींत पंचाहत्तराव्या भेटीचं एलसीपी २.५ सेकंद. नवीन प्लगिन किंवा पट्टी घालायची असेल तर याच मर्यादेत बसवायची, नाहीतर जुनं काहीतरी काढायचं. दुकानमालकांची सही त्यावर घ्या, कारण सहा महिन्यांनी सणासुदीची ऑफर आली की पॉपअपचा आग्रह त्यांच्याकडूनच होईल.

भावफलक मजकुरात आल्यावर आणि लिंक सरळ झाल्यावर दोन आठवड्यांच्या नोंदी जमा करा आणि २ जीबी मेमरीवाल्या फोनांचे तिन्ही आकडे, ‘रोबोट्स’च्या फाइलचा पहिल्या बाइटचा वेळ आणि मुख्य पानाचा तोच वेळ एवढं पाठवा. होस्टिंग बदलायचं का, याचं उत्तर त्यावरून नेमकं देता येईल.